संघ निवडणाऱ्यांना कोण निवडतो?

एखादा मोठा सामना हरला की आपल्याकडे चहाच्या टपरीपासून स्टाफरूमपर्यंत एकच चर्चा चालते. अमक्याला का घेतले, तमक्याला का वगळले? या चर्चेला मी पुष्कळ वर्षे रिकामटेकड्यांची करमणूक समजत होतो. आयर्लंडमधील कॉर्क या काउंटीत हर्लिंगच्या संघावरून जो संघर्ष झाला, तो समजून घेतल्यावर मात्र माझे मत बदलले. ‘कोणाला निवडले’ या प्रश्नावर तो थांबला नाही. निवडण्याचा अधिकार कोणाचा, इथपर्यंत तो गेला. आपल्या कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना तो माहीत असावा, म्हणून हे लिहितो आहे.

प्रथम खेळाविषयी. हर्लिंगमध्ये दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू असतात. प्रत्येकाच्या हातात अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाची, टोकाला पसरट झालेली काठी असते. कातडी चेंडू तिने जमिनीवरून किंवा हवेतून टोलवायचा. खांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून चेंडू गेला तर एक गुण, दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. गोल आणि गुण वेगवेगळे मांडतात. १-२१ म्हणजे एक गोल आणि एकवीस गुण, एकूण चोवीस. काउंटी पातळीवरचा मोठा सामना सत्तर मिनिटांचा. अंतिम सामना डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर होतो. तिथे ब्याऐंशी हजार माणसे बसतात.

हा खेळ चालवणारी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन १८८४ साली थर्ल्स या गावी स्थापन झाली. इंग्रजांचे राज्य होते, आणि आपले खेळ आपण सांभाळायचे ही जिद्द तिच्या मुळाशी होती. ही जिद्द कधी कधी हट्टालाही पोचली. संघटनेच्या सभासदाने परके खेळ खेळू नयेत, पाहूही नयेत, असा नियम १९७१ पर्यंत होता. देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड हे संघटनेचे आश्रयदाते होते. त्यांनी फुटबॉलचा एक आंतरराष्ट्रीय सामना पाहिला म्हणून १९३८ साली त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले. या परक्या खेळांत क्रिकेटही होते. ज्या खेळात मान मिळावा म्हणून आमच्या पालवणकर बंधूंना झगडावे लागले, तो खेळ पाहणेसुद्धा तिकडे गुन्हा होता!

दुसरी बाब अधिक महत्त्वाची. या खेळाडूंना पगार नाही. शिक्षक, शेतकरी, बँकेतले कारकून, विद्यार्थी दिवसभर आपले काम करतात आणि संध्याकाळी सरावाला येतात. माणूस आपल्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चभोवतीच्या वस्तीच्या, क्लबकडून खेळतो, आणि त्यातून काउंटीच्या संघात जातो. खेळाडूंची खरेदी-विक्री नाही. त्यामुळे प्रेक्षक संघाविषयी बोलतो तेव्हा गिऱ्हाईक म्हणून बोलत नाही, घरचा माणूस म्हणून बोलतो. वगळलेला मुलगा कोणाचा तरी विद्यार्थी असतो, कोणाच्या तरी गल्लीतला असतो. यादी जाहीर झाली की काउंटीभर वाद पेटतो तो यामुळे.

प्रशिक्षकही हा वाद जाणून असतात. प्रतिस्पर्ध्याला चकवण्यासाठी जाहीर यादी एक आणि मैदानात उतरणारा संघ दुसरा, असे सर्रास होते. २०१३ चा अंतिम सामना क्लेअर आणि कॉर्क यांच्यात बरोबरीत सुटला. पुन्हा खेळलेल्या सामन्यात क्लेअरचे प्रशिक्षक डेव्ही फिट्झजेराल्ड यांनी एकोणीस वर्षांच्या शेन ओडॉनेलला सुरुवातीपासून उतरवले. त्याला स्वतःला हे सामन्याच्या काही तास आधी कळले. त्याने तीन गोल आणि तीन गुण केले आणि क्लेअर जिंकले. मुलगा अपयशी ठरला असता तर त्याच निर्णयाला लोकांनी वेडेपणा म्हटले असते.

पण मला सांगायचे आहे ते याच्या मागचे. संघाचा व्यवस्थापक असतो, आणि त्याच्या मदतीला निवडकर्ते असतात. व्यवस्थापकाला काउंटी बोर्ड नेमते, आणि बोर्डावर क्लबांचे प्रतिनिधी मते देतात. म्हणजे कागदावर पाहिले तर सत्ता खालून वर जाते. कॉर्कमध्ये आणखी एक रीत होती : काउंटीतली स्पर्धा जो क्लब जिंकेल तो पुढच्या वर्षीच्या काउंटी संघाचा कर्णधार सुचवील. २००४ साली ना पिअर्सिग हा क्लब जिंकला आणि २००५ साली त्यांचा शॉन ओग ओ हॅल्पीन कॉर्कचा कर्णधार झाला. त्याची आई फिजीची, वडील आयरिश. लहानपणी तो ऑस्ट्रेलियाहून कॉर्कला आला. त्या वर्षी कॉर्कने गॉलवेला १-२१ विरुद्ध १-१६ असे हरवले आणि विजेत्या कर्णधाराचे भाषण त्याने आयरिश भाषेत केले. मला या रीतीचे महत्त्व वाटते ते असे की, कर्णधार कोण हे कोणाच्या पसंती-नापसंतीवर, बंद खोलीतल्या कुजबुजीवर राहिले नाही. क्लब जिंकला की हक्क आपोआप आला.

याउलट मुंबईच्या चौरंगी सामन्यांतले १९२० साल आठवावे. चांभार समाजातला बाळू पालवणकर हा त्या काळातला हिंदूंचा सर्वांत मोठा गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले होते. तरी कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. १९२० साली त्याला संघातूनच वगळले. कर्णधार पै आजारी पडले तेव्हा भाऊ विठ्ठलचा हक्क डावलून दि. ब. देवधरांना कर्णधार केले. विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. मग गडबड उडाली. अंतिम सामन्यासाठी भावंडांना परत बोलावले, बाळूला उपकर्णधार केले, आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेल्यामुळे तेवढ्यापुरते नेतृत्व बाळूने केले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाला आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवले. हे सारे भावंडांनी खेळायला नकार दिला म्हणून घडले. निवड समितीला आपण होऊन सद्बुद्धी सुचली नव्हती.

कॉर्कच्या खेळाडूंनीही तेच हत्यार उचलले. २००२ च्या अखेरीस त्यांनी पहिला संप केला तो वैद्यकीय सोयी, प्रवासखर्च, साहित्य यांच्यासाठी. तो जिंकला, आणि पुढच्या चार वर्षांत ते चारही अंतिम सामने खेळले, त्यांतले २००४ आणि २००५ चे जिंकले. दुसरा संप २००७ च्या हिवाळ्यातला. व्यवस्थापकाने आपले निवडकर्ते स्वतः निवडावेत ही पद्धत बोर्डाने मोडली आणि तो अधिकार स्वतःकडे घेतला. फुटबॉलचे खेळाडू संपावर गेले, हर्लिंगवाले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. फेब्रुवारी २००८ मध्ये सरकारी कामगार-तंट्यांचे मध्यस्थ किएरन मल्वी यांनी तोडगा काढला आणि फुटबॉलच्या नव्या व्यवस्थापकाला जावे लागले. कामगार-तंट्याचा मध्यस्थ बिनपगारी खेळाडूंच्या भांडणात! ज्यांना वेतन नाही त्यांनाही कामाच्या अटी असतात, हे यातून मान्य झाले.

तिसरा संघर्ष सर्वांत कडवट. खेळाडूंचा विरोध असताना २००८ च्या शरदात जेराल्ड मॅकार्थी यांना पुन्हा हर्लिंगचे व्यवस्थापक नेमले. त्या वर्षीचा संघच्या संघ त्यांच्या हाताखाली खेळायला तयार होईना. मॅकार्थी यांनी नवी मुले घेऊन संघ उभा केला. ७ फेब्रुवारी २००९ रोजी सुमारे दहा हजार माणसे खेळाडूंच्या बाजूने कॉर्क शहरातून मोर्चाने गेली. मार्चमध्ये मॅकार्थी यांनी राजीनामा दिला. आपल्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्याचे त्यांनी सांगितले. हा माणूस १९६६ साली कॉर्कचा विजयी कर्णधार होता, हे विसरता कामा नये. बोर्डाच्या हट्टाची किंमत त्यांनी मोजली, आणि खेळाडूंच्या बाजूने बोलणाऱ्या काहींनी जी पातळी गाठली तिचे समर्थन मी करणार नाही. त्यांच्या जागी जी कोवळी मुले उतरली, त्यांना काहींनी फितूर ठरवले असेल; त्यांनाही आयुष्यात एकदाच काउंटीचा रंग अंगावर घालायची संधी आली होती.

संपातल्या पुढाऱ्यांत गोलरक्षक डोनल ओग क्यूसॅक होता. आपण समलिंगी आहोत हे त्याने ऑक्टोबर २००९ मध्ये जाहीर केले. प्रेक्षकांतल्या काहींच्या शिव्या त्याने ऐकल्या आहेत. घरचा माणूस म्हणून बोलणारा प्रेक्षक घरच्यांना कसा वागवतो, हेही यात आले.

आणि पुढे काय झाले? मॅकार्थींच्या जागी आलेल्या डेनिस वॉल्श यांनी २०१० च्या अखेरीस शॉन ओगलाच वगळले. कॉर्कमध्ये एकच गहजब झाला. २०१२ च्या हंगामासाठी जिमी बॅरी-मर्फी यांनी त्याला परत घेतले आणि त्याच वर्षी तो निवृत्त झाला. काहींनी यावर टोमणे मारले की संपाचे फळ संपवाल्यालाच मिळाले. मला तसे वाटत नाही. पद्धत बदलण्यासाठी लढणाऱ्याने स्वतःच्या जागेची हमी मागितलेली नसते. वॉल्श यांचा निर्णय चूक असेलही. पण तो त्यांचा होता, आणि त्यांना नाव घेऊन त्याचा जाब विचारता येत होता.

हे वाक्य लिहिताना मला आमच्या महाविद्यालयाची जिमखाना समिती आठवते. मी तिच्यावर चार वर्षे आहे. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीची यादी सभेत येते ती टाईप होऊनच. एका वर्षी वसतिगृहातला, चढाईत सर्वांत तरबेज असा मुलगा तीत नव्हता. मी विचारले. ‘शिस्त नाही, सकाळच्या सरावाला येत नाही,’ असे उत्तर मिळाले. मुलगा रात्री पेट्रोलपंपावर काम करत होता. ‘शेवटी गुणवत्ता पाहूनच केले आहे,’ असेही कोणी म्हणाले. मी सही केली. दुसऱ्या दिवशी त्याने मला जिन्यात गाठले आणि विचारले, ‘सर, यादी कोणी केली?’ मी म्हणालो, ‘समितीने.’ मी समितीवर आहे हे त्याला ठाऊक होते. तो पुढे काही बोलला नाही.

कॉर्कमधला वाद अजून मिटलेला नाही. २००५ नंतर २०२५ पर्यंत त्यांना विजेतेपद मिळालेले नाही. संपांनी संघ मोडला असे म्हणणारे तिथे आहेत. संपांपूर्वीच बोर्डाने तो मोडला होता असे म्हणणारेही आहेत. २०२४ चा अंतिम सामना कॉर्क जादा वेळेत क्लेअरकडून एका गुणाने हरले. २०२५ साली टिपरेरीविरुद्ध मध्यंतराला सहा गुणांनी पुढे असलेल्या कॉर्कला उत्तरार्धात अवघे दोन गुण करता आले. तो उत्तरार्ध सुरू असताना बदली खेळाडू कोणते आणि केव्हा उतरवायला हवे होते, यावर तिथे अजून भांडणे होतात.