नगरचे रणगाडे

विजापूरच्या बुरुजावर आज जी मुलूख-मैदान तोफ दिसते ती विजापुरात घडलेली नाही. 1549 साली, निजामशाहीच्या ऐन भराच्या काळात, महंमद बिन हसन रूमी या ओतकाराने ती अहमदनगरात ओतली, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित असली तरी नगरवरून शिर्डी-शनिशिंगणापूरकडे घाईने निघून जाणाऱ्या यात्रेकरूच्या सहसा ध्यानी येत नाही. ज्या शहराने सुमारे 55 टनांची ती अजस्र तोफ दख्खनच्या रणांगणात धाडली, ज्याचा भुईकोट 1803 मध्ये वेलस्लीने शिंद्यांच्या शिबंदीकडून हस्तगत केला आणि 1942 मध्ये इंग्रज सरकारने पंडित नेहरूंसह काँग्रेसच्या धुरिणांना ज्याच्या त्याच कोटात स्थानबद्ध केले, त्या शहराचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, फौजेशी असलेला संबंध शतकानुशतकांचा आहे. सोलापूर रस्त्याच्या बाजूला, छावणीच्या मुलखात वसलेले रणगाडा संग्रहालय हा त्या दीर्घ संबंधाचा अलीकडचा अध्याय होय.

भारतीय सेनेच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र नगरलाच आहे. नव्या स्वाराला रणगाडा हाकण्याचे आणि त्यावरील तोफ चालवण्याचे पहिले धडे येथेच मिळतात. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संस्था याच परिसरात असून गोळाबाराच्या सरावाचे के. के. रेंज हे विस्तीर्ण क्षेत्रही जवळच आहे. त्या क्षेत्राच्या विस्ताराची वार्ता उठली की राहुरी-पारनेरच्या शेतकऱ्याच्या मनात जमिनीविषयी जी धास्ती उत्पन्न होते तीही या भूमीच्या लष्करी इतिहासाचाच भाग मानली पाहिजे. अशा ठिकाणी, प्रशिक्षण केंद्राच्याच पुढाकाराने, फेब्रुवारी 1994 मध्ये संग्रहालय सुरू झाले आणि सुमारे 50 जुनी चिलखती वाहने उघड्या आकाशाखाली, झाडांच्या सोबतीने मांडली गेली. ‘आशियातील एकमेव’ हे बिरूद त्याला सर्रास लावले जाते. ते यथार्थ नव्हे, कारण इस्रायलमध्ये लात्रून येथेही असा मोठा संग्रह आहे. पण नगरच्या संग्रहाची थोरवी असल्या बिरुदावर मुळीच अवलंबून नाही.

प्रेक्षकाने आरंभ रोल्स-रॉइसच्या चिलखती मोटारीपासून करावा. ज्या ‘सिल्व्हर घोस्ट’ गाड्या राजेरजवाडे स्वारीसाठी विलायतेहून मागवीत, त्याच गाडीच्या सांगाड्यावर जेमतेम बोटभर जाडीचा पोलादी पत्रा चढवून आणि वर मशीनगनचा फिरता बुरूज बसवून पहिल्या महायुद्धात ही मोटार सिद्ध करण्यात आली. तिच्यापासून थोड्याच अंतरावर, दुसऱ्या महायुद्धातील चर्चिल रणगाड्याच्या सातव्या आवृत्तीपाशी गेल्यावर दर्शनी चिलखताची जाडी 152 मिलिमीटरवर गेलेली दिसते, आणि एका पिढीच्या अवधीत मनुष्याने मनुष्यापासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी केवढे पोलाद खर्ची घातले याचा अंदाज येतो. ‘हा-गो’ हा चिमुकला जपानी रणगाडा मात्र बहुतेक प्रेक्षक ओलांडून जातात, आणि ते मला योग्य वाटत नाही. त्यात तीन माणसे बसत; पैकी बुरुजात एकटा नायक, आणि शत्रूचा ठाव घेणे, तोफेत गोळा भरणे, नेम धरणे व सोबत्यांना हुकूम देणे ही सारी कामे त्या एकट्याच्या शिरावर. त्या अरुंद जागेकडे निरखून पाहिले म्हणजे रणगाड्याची खरी कसोटी त्याच्या आतल्या माणसापाशी होते, हे उमगू लागते.

‘स्टुअर्ट’ या हलक्या रणगाड्याची हकीकत याच गोष्टीची साक्ष देते. 1948 च्या हिवाळ्याच्या तोंडाशी, काश्मीरच्या युद्धात, झोजीला खिंडीत शत्रू दबा धरून बसला असता, जनरल थिमय्यांच्या योजनेप्रमाणे सातव्या लाइट कॅव्हलरीने हे रणगाडे बुरूज उतरवून, गुप्तपणे, दुबळे पूल ओलांडत वर नेले आणि 1 नोव्हेंबर रोजी, सुमारे साडेअकरा हजार फुटांवर, जिथे रणगाडा येईल ही कल्पनाही कोणी केली नव्हती, तिथे शत्रूसमोर उभे केले. लडाखची वाट त्या धाडसाने मोकळी झाली.

पाकिस्तानचा पॅटन रणगाडा ही येथील सर्वांत बोलकी प्रदर्शनवस्तू होय. 90 मिलिमीटरची तोफ आणि अमेरिकन बनावटीची आधुनिक यंत्रणा यांच्या जोरावर 1965 च्या सप्टेंबरात पॅटनचे ताफे खेमकरणमार्गे पंजाबात घुसले, तेव्हा त्यांना तोंड देणाऱ्या आपल्या दलांपैकी डेक्कन हॉर्सपाशी मागच्या महायुद्धातले शर्मन होते. असल उत्तरच्या परिसरात आपल्या फौजेने पाणी सोडून शेते चिखलमय केली, उसाच्या आडोशाने घोड्याच्या नालेच्या आकारात मोर्चे बांधले, आणि पॅटन त्या सापळ्यात रुतून बसले. जीपवर बसवलेल्या तोफेने पॅटनांचा वेध घेत आपल्या फौजेतील अब्दुल हमीद यांनी तेथेच देह ठेवला आणि ते परमवीरचक्राचे मानकरी झाले. यंत्राच्या श्रेष्ठतेवर विसंबलेल्या सैन्याचा असा निर्णायक पराभव विरळाच.

मटिल्डा, व्हॅलेंटाइन, एएमएक्स, पीटी-76, आवडी येथील कारखान्यात तयार झालेला विजयंता, यांतील प्रत्येकावर स्वतंत्र लेख होईल; परंतु मराठी वाचकाने अधिक काळ थांबावे ते सेंच्युरियनपाशी. पूना हॉर्स हे दल 1817 च्या पुण्याच्या तहातून, पेशव्यांच्या खर्चाने व इंग्रजांच्या हुकमतीखाली, उभे राहिले. मराठी सत्तेच्या अस्ताची ती एक कटू खूण होती. त्याच दलाने स्वतंत्र भारताला दोन परमवीर दिले, आणि दोघेही सेंच्युरियनचे स्वार. मुंबईत जन्मलेले व पुण्यात शिकलेले लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर 1965 मध्ये फिल्लौराच्या लढाईत जखमी होऊनही मागे हटले नाहीत, पुढे पाच दिवस दलाचे नेतृत्व करीत राहिले आणि 16 सप्टेंबरला धारातीर्थी पडले. पुण्यातच जन्मलेले अरुण खेत्रपाल 1971 च्या 16 डिसेंबरला बसंतरच्या रणांगणावर, पेटलेला रणगाडा सोडण्याची आज्ञा झाली असताही, तोफ अजून चालते आहे असे कळवून लढत राहिले; त्यांचे वय तेव्हा अवघे 21 वर्षांचे होते.

नगरला जाणाऱ्याने भुईकोट आणि चांदबिबीचा महाल पाहून परतण्याची घाई न करता या संग्रहालयासाठी निदान दोन तास राखून ठेवावेत. आणि बरोबर मुले असतील तर छायाचित्रे काढण्यापूर्वी सेंच्युरियनसमोर उभे करून त्यांना तारापोर आणि खेत्रपाल यांची हकीकत आवर्जून सांगावी.