ढोकीचे कावळे, भोपाळची प्रयोगशाळा

फेब्रुवारी 2025 मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीत कावळे मरून पडू लागले. तेरणा साखर कारखान्याच्या या गावाची चर्चा एरवी उसावरून व्हायची. महिनाभर आधीच शेजारच्या लातूर जिल्ह्यात, उदगीरला, कावळे बर्ड फ्लूने मेले होते, त्यामुळे पशुसंवर्धन खातं सावध होतं. नमुने भोपाळला गेले, अहवाल बर्ड फ्लूचा आला आणि गावाभोवतीचा दहा किलोमीटरचा परिसर सतर्कता क्षेत्र ठरला.

भोपाळच का? तिथे राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था आहे. 2006 मध्ये नवापूरच्या कोंबड्यांच्या बर्ड फ्लूचं निदानही तिथेच झालं होतं. अशा प्रयोगशाळेत बाहेरच्यापेक्षा आतला हवेचा दाब कमी ठेवतात. दार उघडलं तरी हवा आतच ओढली जाते, बाहेर येत नाही. बाहेर सोडायची हवा हेपा गाळणीतून जाते, सांडपाणी आधी उष्णतेने निर्जंतुक होतं आणि माणसाला अंघोळ केल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. पशुरोगांच्या प्रयोगशाळांत आणखी एक जाच असतो: इथे काम करणाऱ्याने पुढचे काही दिवस गोठ्यात किंवा कोंबड्यांच्या खुराड्यात पाऊल टाकायचं नाही. गावाकडे म्हशी असलेल्या माणसाला हे किती अवघड, ते धाराशिवच्या वाचकाला सांगायला नको.

माणसांच्या रोगांसाठी अशीच, किंबहुना अधिक कडक, सोय पुण्यात पाषाणला आहे. राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेची बीएसएल-4, म्हणजे जैवसुरक्षेच्या सर्वोच्च पातळीची प्रयोगशाळा. तिचं उद्घाटन डिसेंबर 2012 मध्ये झालं. निपाह, क्रिमियन-काँगो ताप अशा विषाणूंवर तिथे काम चालतं. आतला संशोधक नळीतून हवा घेणारा फुगीर पोशाख घालतो, कारण पोशाखाला भोक पडलंच तर हवा बाहेर जावी, विषाणू आत शिरू नये. बाहेर पडताना आधी त्या पोशाखाला रसायनांची अंघोळ, मग माणसाला पाण्याची.

हा थाट अनुभवातून आला आहे. 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलातल्या तापाचा विषाणू पुण्याच्या याच संस्थेने, तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, शोधला. पुढे त्यावर काम करताना तिथल्या कर्मचाऱ्यांनाच त्याची लागण झाली.

पण मला या सगळ्यात जास्त रस गटारांत वाटतो. ऑगस्ट 2007 मध्ये इंग्लंडमधल्या पिरब्राइट इथल्या प्रयोगशाळांच्या आवारातून लाळ्या-खुरकुताचा विषाणू निसटला. चौकशीत बोट दाखवलं गेलं ते सांडपाण्याच्या गळक्या, जुन्या नळांकडे. पावसात माती भिजली, बांधकामाच्या गाड्यांच्या चाकांना तो चिखल लागला आणि आजार शेतांपर्यंत पोचला. लसनिर्मितीसाठी जपलेला विषाणू दुरुस्तीच्या दुर्लक्षामुळे गुरांना भोवला. लाळ्या-खुरकूत शेळ्यांनाही होतो. उस्मानाबादी शेळीच्या जिल्ह्याने ही गोष्ट परक्या मुलखातली म्हणून सोडून देऊ नये.

धाराशिवला बीएसएल-4 कुणी मागत नाही, मागूही नये. पण 2020 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या इथल्या उपकेंद्रात कोविड निदानाची प्रयोगशाळा उभी राहिली. त्याआधी स्वॅब जिल्ह्याबाहेर पाठवावे लागत. आरटीपीसीआरसाठी जैवसुरक्षेची दुसरी पातळी पुरते: नमुन्याची बाटली सुरक्षा कपाटातच उघडायची, विषाणू रसायनाने निकामी करायचा, मगच पुढचं काम. त्या कपाटाच्या तोंडाशी हवेचा अदृश्य पडदा असतो. शेजारी पंखा लावला, कुणी घाईने हात आत-बाहेर केले किंवा मागून कुणी झपझप गेलं, तरी तो विस्कटतो. त्याचा प्रवाह दरवर्षी यंत्राने मोजून घ्यायचा असतो.

ढोकीच्या नमुन्याचा प्रवास मात्र कुठल्याही कपाटाच्या कितीतरी आधी सुरू झाला. मेलेला पक्षी उचलणारे हात, न गळणारी आतली बाटली, तिच्याभोवती सांडलेलं शोषून घेणारा थर आणि दुसरं बंद भांडं, त्यावर मजबूत खोकं, बर्फ, बाहेरचं लेबल, एवढं नीट झालं तरच भोपाळच्या ऋण दाबाच्या खोलीला अर्थ. उरलेले कावळे खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचे असतात, आणि ते काम शास्त्रज्ञ करत नाहीत. प्रशिक्षणाचे आणि हातमोज्यांचे पैसे आधी त्या खड्ड्यापाशी पोचायला हवेत.