सेगोव्हियाचे गोल रियाल

1586 सालचा, सेगोव्हियाच्या नव्या टांकसाळीत निघालेला आठ रियालचा तुकडा आज संग्राहकांना क्वचितच पाहायला मिळतो. एका बाजूला राजा दुसऱ्या फिलिपचे राजचिन्ह, त्याशेजारी टांकसाळीची खूण म्हणून शहराचा रोमन जलसेतू. दुसऱ्या बाजूला क्रूस, त्याच्या चार घरांत किल्ले आणि सिंह. वजन सुमारे 27 ग्रॅम. शिवाय साल ठळक कोरलेले. त्या काळच्या घणाने पाडलेल्या स्पॅनिश नाण्यांवर ते बहुधा नसेच.

या नाण्यामागचे यंत्र ऑस्ट्रियातून, तिरोलमधल्या हाल गावाहून आले. तिरोलचा आर्चड्यूक फर्डिनांड हा फिलिपचा चुलतभाऊ. त्याने यंत्रे आणि कारागीर दोन्ही पाठवले. एरेस्मा नदीकाठची जुनी चक्की राजाने घेतली आणि एल एस्कोरियलचा वास्तुकार हुआन दे एरेरा याच्याकडून तिथे टांकसाळ उभारून घेतली. पाण्याच्या चाकांवर आधी चांदीची पट्टी लाटली जाई. मग ती दोन रुळांमधून जाई. रुळांवर ठसे कोरलेले असत, त्यामुळे एका फेरीत पट्टीच्या दोन्ही अंगांवर ओळीने अनेक नाणी उमटत. शेवटी ती कापून काढत. दाबाने धातू लांबतो, म्हणून ठसे मुळातच किंचित लंबगोल कोरावे लागत. एवढी काळजी घेऊनही बरीच नाणी जराशी वाकलेली निघत. मला तो बाक अतिशय प्रिय आहे: यंत्राने काम केल्याची ती सही आहे.

गोल, भरीव कड असली की कातरलेली चांदी लगेच नजरेत येते. हा फायदा उघड होता. तरीही स्पेनच्या साम्राज्यात पुढची जवळजवळ दीडशे वर्षे वेडीवाकडी, घणाची नाणीच मुख्यतः चालली. चांदी निघे पोतोसी आणि मेक्सिकोत. जहाजे लागत सेव्हियाला. आणि यंत्र एका नदीला बांधलेले, तेही पार कास्तिलच्या आत. खाणींकडून चांदी निघायची घाई असे, घाट नीट साधायला उसंत नसे. आणि तिच्या वाटेच्या शेवटी आकाराची पर्वा कुणाला होती? सुरतेच्या मुघल टांकसाळीत व्यापाऱ्यांनी आणलेले रियाल वजन आणि कस पाहून वितळवले जात व त्यांचे रुपये होत. त्यासाठी नाणे गोल असण्याची गरजच नव्हती.

सेगोव्हियाने आपले कसब दाखवले ते भव्य नाण्यांत. 1609 पासून तिथे पन्नास रियालचे, पाऊणशे मिलिमीटरच्या आसपास व्यासाचे नाणे निघू लागले. पण त्याच रुळांवर सतराव्या शतकात तांब्याच्या नाण्यांचा रतीब पडला, आणि त्या तांब्याने कास्तिलची बाजारपेठ पोखरली.

अमेरिकेत यंत्राची नाणी सुरू झाली ती 1732 मध्ये, मेक्सिकोत, आणि तीही स्क्रू प्रेसवर. पोतोसीची पाळी 1767 मध्ये आली. सेगोव्हियातले रूळ 1770 च्या दशकाच्या सुरुवातीला काढून टाकले गेले. टांकसाळ मात्र 1868 च्या क्रांतीपर्यंत टिकली.