बाईच्या शब्दाला किंमत

खोकताना, शिंकताना किंवा भरलेली कळशी उचलताना नकळत लघवी होते, असं बाईने सांगितलं तर तो आजार मानायचा का? १९७९ साली आंतरराष्ट्रीय कॉन्टिनन्स सोसायटीने याला दोन अटी घातल्या होत्या. त्या त्रासामुळे स्वच्छतेची किंवा चारचौघांत वावरण्याची अडचण व्हायला हवी, आणि तो तपासणीत दिसायलाही हवा. तिच्या सांगण्यावर भागत नसे. २००२ साली संस्थेने व्याख्या बदलली, आणि बाईची तक्रार हीच पुरेशी खूण ठरली. कागदावर हा मोठाच बदल होता. दवाखान्यात तो पोचायला मात्र फार वेळ लागला.

या विषयातलं सगळ्यांत टिकाऊ संशोधन १९४८ सालचं आहे. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून तोलून धरणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बाळंतपणात ताणले जातात. लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी दाखवलं की व्यायामाने ते पुन्हा बळकट होऊ शकतात. आज ‘केगल’ म्हटलं की लोकांना नुसतं आकुंचन-प्रसरण आठवतं. केगल यांची पद्धत तेवढीच नव्हती. ते आधी बोटाने तपासून योग्य स्नायू ओळखायला शिकवत. मग योनीत ठेवायच्या हवा भरलेल्या रबरी नळीला जोडलेल्या दाबमापकावर बाईला आपल्या ताकदीचा आकडा स्वतः पाहता येई.

पुढे उपकरण मागे पडलं, शिकवणं गेलं आणि तोंडी सूचना उरली. १९९१ साली रिचर्ड बम्प आणि सहकाऱ्यांनी ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी समजावून सांगितलं आणि मग मोजमाप केलं. जेमतेम निम्म्या जणींना ते नीट जमलं. चौथा हिस्सा स्त्रिया तर त्रास वाढेल अशा रीतीने जोर लावत होत्या. ‘व्यायाम केला, उपयोग झाला नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी जणींना आळशी ठरवलं गेलं असेल, हे हा आकडा वाचताना मनात येतंच. १९९९ साली नॉर्वेच्या कारी बो यांनी १०७ स्त्रियांवरच्या चाचणीत देखरेखीखालचा व्यायाम, विजेची उत्तेजना आणि योनीत धरायची वजनं यांची तुलना केली. व्यायाम सरस ठरला. पण व्यायामाचं पेटंट निघत नाही आणि त्याची जाहिरात करायला प्रतिनिधी फिरत नाहीत.

पट्टीसाठी फिरले. १९९६ साली स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी मूत्रनलिकेखाली पॉलिप्रॉपिलीनची जाळीदार पट्टी सरकवण्याची छोटी शस्त्रक्रिया मांडली. ७५ स्त्रियांपैकी ८४ टक्के पूर्ण बऱ्या झाल्याचा निष्कर्ष होता. पोट उघडून करायच्या जुन्या शस्त्रक्रियांपुढे ही सुटसुटीत होती, आणि पुष्कळ जणींना तिने खरोखर सुख दिलं. हे नाकारून चालणार नाही.

घोटाळा झाला तो पुढे, जाळी अंग बाहेर येण्यावर, म्हणजे गर्भाशय किंवा मूत्राशय योनीत खाली उतरण्यावर, वापरली जाऊ लागली तेव्हा. अंग बाहेर येण्यावर कृत्रिम पट्टी वापरणं नवं नव्हतं. मुंबईचे डॉ. वि. ना. शिरोडकर तरुण स्त्रियांचं गर्भाशय पोटातून तशा पट्टीने मागे त्रिकास्थीला बांधत. पण आता मोठ्या जाळ्या योनीमार्गेच बसवल्या जाऊ लागल्या. अमेरिकेत नव्या जाळीला बाजारात येण्यासाठी आधीच्या जाळीशी साम्य दाखवणं पुरे होतं, माणसांवरच्या चाचण्यांची सक्ती नव्हती. पूर्वजांपैकी एक असलेली ‘प्रोटेजेन’ १९९९ सालीच बाजारातून मागे घेतली गेली होती. तिच्या आधारावर आलेल्यांची विक्री तरीही चालूच राहिली.

मग तक्रारी आल्या: जाळी योनीतून बाहेर डोकावते, बसता येत नाही, संबंध ठेवणं अशक्य झालंय. व्याख्येत बाईचा शब्द प्रमाण मानला गेला होता. शस्त्रक्रियेनंतरची वेदना सांगताना मात्र तिला पुन्हा पुरावा मागितला जात होता. स्कॉटलंडमधल्या पीडित स्त्रिया संसदेपर्यंत गेल्यावर २०१४ साली तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी जाळ्यांचा वापर थांबवायला सांगितलं. ब्रिटनच्या ‘प्रॉस्पेक्ट’ चाचणीने २०१७ साली दाखवलं की अंग बाहेर येण्यावरच्या पहिल्या शस्त्रक्रियेत जाळीने पहिल्या दोन वर्षांत काही जास्तीचा फायदा होत नाही. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेने योनीमार्गे बसवायच्या त्या जाळ्यांची विक्री बंद केली. लघवीसाठीची पट्टी या बंदीत नव्हती. २०२० सालच्या कम्बरलेज अहवालाने ब्रिटनच्या आरोग्ययंत्रणेवर ठपका ठेवला: स्त्रियांचं ऐकलं गेलं नाही, आणि जाळ्या एकूण किती जणींना बसवल्या याची धड नोंदही नाही.

आपल्याकडे तर तक्रार ओठांवरच येत नाही. १९८९ साली राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होता, पण आधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के.

तेव्हा हे दुखणं अंगावर काढू नका. आधी व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा आणि योग्य स्नायू आवळला जातोय ना, हे तपासून घ्या. किमान तीन महिने देखरेखीखाली व्यायाम करावा, असं ब्रिटनची मार्गदर्शक सूचनाही सांगते. आणि पट्टी बसवायची वेळ आलीच, तर तिचं नाव, कंपनी आणि तारीख लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका.