वहीवरचा कॅमेरा

चारशे तीनमधून एकशे अडुसष्ट वजा कर, असं चौथीतल्या मुलाला सांगितलं आणि त्याने उत्तर २४५ लिहिलं, तर शिक्षकाला एवढंच कळतं की उत्तर चुकलं. का चुकलं, ते त्या तीन अंकांत दिसत नाही. तिनातून आठ जात नाहीत आणि दशकाच्या घरात शून्य आहे, म्हणून मुलाला शतकाकडे जावं लागतं. एक शतक मोडून दहा दशक करायचे, त्यातला एक एककाला द्यायचा, म्हणजे दशकाच्या घरात नऊ उरतात. पुष्कळ मुलं इथे दहाच ठेवतात आणि दहातून सहा गेले, चार उरले असं करत २४५ वर पोचतात. दुसरं एखादं मूल मांडणी अगदी बरोबर करतं, पण नवातून सहा गेले चार असं घाईत लिहून टाकतं. त्याचंही उत्तर २४५. पहिल्याच्या हातात काड्यांचे गठ्ठे देऊन दशक सोडवायला लावलं पाहिजे, दुसऱ्याला नुसतं ‘परत बघ’ म्हटलं तरी पुरतं. ३६५ लिहिणारं मूल आणखी वेगळं: उसनं घ्यायची वेळच येऊ नये म्हणून ते प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं. खोडलेला चार, त्याच्या डोक्यावर बारीक लिहिलेला तीन, शून्यावर गिरवलेला दहा, यांवरून शिक्षकाला मुलाचं डोकं वाचता येतं. दूरस्थ शिक्षणाने गणिताचं काय केलं, हा प्रश्न माझ्या मते इथून सुरू व्हायला हवा. या खाणाखुणा शिक्षकापर्यंत पोचतात की नाही, यावर बाकी सगळं ठरतं.

हे बघायला बंगळुरू योग्य ठिकाण आहे. बायजूज, वेदांतू, अनअकॅडमी या कंपन्या इथल्याच. शाळांसाठीची सरकारी ऑनलाइन सेवा ‘दीक्षा’ २०१७ मध्ये सुरू झाली ती इथल्याच एकस्टेप फाउंडेशनच्या सनबर्ड या प्रणालीवर, आणि बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड महाराष्ट्रातल्या मुलांना नेतात ते त्याच दीक्षावर. इंदिरानगरातल्या फ्लॅटांमध्ये संध्याकाळी ज्या ऑनलाइन शिकवण्या चालतात, त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. एकात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप असतो, कॅमेरा मुलाच्या चेहऱ्यावर असतो, पडद्यावर सुबक रंगीत फळा असतो आणि मूल उत्तर चॅटच्या चौकटीत टाइप करतं किंवा चार पर्यायांपैकी एकावर बोट ठेवतं. वही टेबलावर असते, पण ती कोणाला दिसत नाही. दुसऱ्या प्रकारात घरातला एक जुना फोन पुस्तकांच्या चळतीवर आडवा ठेवलेला असतो, त्याचा कॅमेरा खाली वहीकडे बघतो, आणि शिकवणाऱ्या बाईंना मुलाचा चेहरा न दिसता पेन्सिल दिसते. पेन्सिल कुठे अडखळली, कुठला अंक दोनदा गिरवला, खोडरबर कधी उचललं, हे त्यांना जागच्या जागी कळतं. बाई मध्येच म्हणतात, ‘थांब, हा दहा कुठून आला ते सांग बघू.’ मूल सांगू लागतं आणि सांगता सांगता स्वतःच थबकतं. ही सोय वर्गातल्या फळ्यासमोरसुद्धा सहसा मिळत नाही, कारण तिथे बाईंना वही उलटी दिसते, तीही बाकाजवळून जाताना क्षणभर.

या दोन प्रकारांत पडद्याचा आकार, नेटचा वेग, मुलाचं वय यांपैकी काहीही वेगळं नसू शकतं. फरक पडतो तो मुलाकडून शिक्षकाकडे काय जातं यात. दूरस्थ शिक्षणाने शिकवण्याच्या कामाची फाळणी केली. समजावून सांगणं एकीकडे गेलं, मुलाचं काम निरखणं दुसरीकडे. समजावणं एकदा चित्रित केलं की लाखो मुलांना दाखवता येतं. दुसऱ्या मुलापासून पुढे त्याचा खर्च जवळजवळ शून्य. निरखण्याला मात्र प्रत्येक मुलामागे, प्रत्येक वेळी, माणसाचा वेळ लागतो. त्यामुळे कंपन्यांनी आणि सरकारांनी पहिलं भरभरून विकत घेतलं आणि दुसरं मागे पडलं. पुढे खान अकॅडमी काढणाऱ्या सलमान खान यांनी २००४ मध्ये अमेरिकेत आपल्या नात्यातल्या बहिणीला, नादियाला, दुरून गणित शिकवलं, तेव्हा साधन होतं टेलिफोन आणि दोघांनाही लिहिता येईल अशी संगणकावरची पाटी. व्हिडिओ दोन वर्षांनी आले. जगाने खान अकॅडमी ओळखली ती व्हिडिओंवरून. मुळातल्या शिकवणीत नादिया बोलत होती, लिहीत होती आणि शिकवणाऱ्याला ते ऐकू येत होतं, दिसत होतं, हे मागे राहिलं.

निरखण्याने फरक पडतो, याला पुरावा आहे का? कोविडच्या काळाने तो पुरवला. कर्नाटकात जून २०२० मध्ये पाचवीपर्यंतचे ऑनलाइन वर्ग सरकारने बंद केले, जुलैत उच्च न्यायालयाने त्या आदेशांना स्थगिती दिली, आणि सारा वाद वयाचा, तासांचा आणि डोळ्यांचा झाला. विषयागणिक काय बिघडेल, हे कोणी फारसं विचारलं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये बंगळुरूच्याच अझीम प्रेमजी विद्यापीठाने कर्नाटकासह पाच राज्यांतल्या १,१३७ सरकारी शाळांमधल्या १६,०६७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. आदल्या वर्षी येत असलेलं गणितातलं निदान एक कौशल्य ८२ टक्के मुलांच्या हातून निसटलं होतं. ‘असर’च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात वजाबाकी करू शकणारी तिसरीतली मुलं २०१८ मध्ये २८.२ टक्के होती, २०२२ मध्ये ती २५.९ टक्के झाली. याउलट बोट्स्वानात २०२० मध्ये एक प्रयोग झाला. काही मुलांच्या घरी फक्त गणिताची उदाहरणं एसएमएसने पाठवली, काहींना त्यासोबत आठवड्यातून एकदा वीसेक मिनिटांचा फोन केला आणि उदाहरण बोलत बोलत सोडवून घेतलं. नुसत्या एसएमएसने फारसं काही साधलं नाही. फोन झालेल्या मुलांचं गणित स्पष्टपणे सुधारलं. व्हिडिओ नाही, ॲप नाही, साधा फोन. पुढे भारतासह आणखी पाच देशांतही ही पद्धत उपयोगी ठरली. आपल्याकडे तोंडी हिशेबाची जुनी सवय आहेच. पावकी-निमकी, दीडकी-अडीचकी ऐकूनच म्हणायची असते, आणि पुण्यातली आजी बंगळुरूच्या नातवाकडून फोनवर पाढे म्हणून घेते तेव्हा त्याची अडखळ तिला लगेच कळते. आवाजातूनही पायरी पोचते.

यावर पहिला आक्षेप असा की साठ मुलांच्या वर्गात तरी प्रत्येकाची वही कोण बघत होतं? हा आक्षेप खरा आहे आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. वरचा २८.२ टक्क्यांचा आकडा महामारीच्या आधीचा आहे; शाळा उघड्या होत्या, तरी तिसरीतल्या चारांपैकी तिघांच्या आसपास मुलांना वजाबाकी येत नव्हती. सगळे एका सुरात ‘हो बाई’ म्हणतात त्या वर्गातही अर्धी समज झाकलेलीच राहते. म्हणून वर्गाची बाजू घेऊन पडद्याला दोष देणं मला पटत नाही. वर्गात निदान बाकांमधून फिरताना चार वह्या नजरेखालून जात. चेहऱ्याच्या चौकटी मांडलेल्या ऑनलाइन वर्गाने त्या चारही काढून घेतल्या.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: चूक ओळखायला माणूस कशाला, यंत्र ओळखेल. वजाबाकीतल्या नेमक्या चुका संगणकाने शोधून काढायचं काम ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्येच केलं होतं. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या प्रणालीवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साडेचार महिन्यांत मुलांच्या गणितात मोठी सुधारणा दिसली. हे मी पूर्ण मान्य करते. पण ते मूल घरी एकटं बसलेलं नव्हतं. ते शाळेनंतर एका केंद्रावर जात होतं, निम्मा वेळ संगणकावर आणि निम्मा वेळ छोट्या गटात शिक्षकापाशी बसत होतं. शिवाय ती प्रणाली मुलाला त्याच्या इयत्तेचं न देता त्याला जिथपर्यंत येतं तिथलं उदाहरण देत होती. म्हणजे यंत्रही यशस्वी झालं ते निरखण्याच्याच कामात. उलट सिएरा लिओनमध्ये रेडिओवरच्या पाठांना जोड म्हणून शिक्षकांनी मुलांना फोन केले, तरी परीक्षेतल्या गुणांत फरक पडला नाही. तेव्हा फोन केला म्हणजे झालं, असं मानायची सोय नाही. ‘अभ्यास झाला का?’ असं विचारणारा फोन आणि ‘शून्यावर काय लिहिलंस?’ असं विचारणारा फोन ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम शिकवावं लागतं, आणि शिक्षक तयार करणाऱ्या डीएलएडच्या अभ्यासक्रमात पाठ टाचण काढण्याइतकाच वेळ मुलांच्या चुका वाचायला मिळायला हवा.

राहतो पैशाचा प्रश्न. इंदिरानगरातलं घर दुसरा फोन वहीवर धरू शकतं आणि एकट्या मुलासाठी शिकवणीचे पैसे मोजू शकतं. बीदर किंवा जतच्या पालकाला ते परवडणार नाही. पण हिशेब करून बघावा. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक आणि शिक्षकाचे आठवड्याला तयारीसह ४५ तास सांगितले आहेत. प्रत्येक मुलाला आठवड्यातून दहा मिनिटं एकटं बसवून, किंवा फोनवर, एक उदाहरण त्याच्याकडून बोलत सोडवून घेतलं, तर तीस मुलांचे पाच तास होतात. दीक्षावरचे व्हिडिओ समजावण्याचा काही भार उचलणार असतील, तर त्या बदल्यात मोकळे होणारे तास याच कामासाठी वेळापत्रकात छापून द्यावेत, माहिती भरण्याच्या आणि लिंक पाठवण्याच्या कामात ते जाऊ नयेत. हा निर्णय घ्यायला नवं ॲप लागत नाही. तो शिक्षण खात्याच्या एका परिपत्रकाने घेता येतो.