एका राज्याचे एक विद्यापीठ : गोव्यातील महाविद्यालये आणि मराठीची जागा

बारावीचा निकाल लागला की मराठीच्या शिक्षकांकडे विद्यार्थी आणि पालक येतात आणि विचारतात, ‘मराठी घेऊन बी. ए. करायचे आहे, तर गोवा विद्यापीठात अर्ज करायचा ना?’ प्रश्न साधा आहे, पण त्यामागे एक गैरसमज आहे. पदवीपर्यंतचे बहुतेक शिक्षण विद्यापीठाच्या ताळगाव पठारावरील इमारतींत होत नाही. ते म्हापसा, साखळी, फर्मागुढी, मडगाव, केपे, काणकोण अशा ठिकाणच्या महाविद्यालयांत होते. पदवी विद्यापीठ देते, शिकवते मात्र महाविद्यालय. मराठी विषय कोठे घेता येईल, किती घेता येईल आणि पुढे टिकेल की नाही, हे या दोघांमधील नात्यावर ठरते. ते नाते कसे घडले आणि आज कसे चालते, हे समजून घेण्याचा या लेखाचा हेतू आहे.

मुंबईच्या छायेतील तेवीस वर्षे

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा येथे उच्च शिक्षणाची परंपरा अजिबात नव्हती असे नाही. पणजीतील वैद्यकीय शाळा १८४२ सालची, तर लिसेव १८५४ सालचे. पण कला, विज्ञान किंवा वाणिज्य शाखेची पदवी देणारे महाविद्यालय एकही नव्हते. ज्यांना पदवी हवी होती ते मुंबई, पुणे, धारवाड किंवा बेळगावला जात. बेळगावचे लिंगराज महाविद्यालय १९३३ पासून सुरू होते. सीमेपलीकडे राहण्याचा खर्च झेपेल, त्यालाच पदवी मिळे.

मुक्तीनंतरच्या पहिल्याच शैक्षणिक वर्षात, १९६२ मध्ये, पणजीत धेंपे महाविद्यालय आणि मडगावात चौगुले महाविद्यालय सुरू झाले. १९६३ मध्ये म्हापशाला सेंट झेवियर्स, १९६४ मध्ये नुवें येथे मुलींसाठी कार्मेल महाविद्यालय आले. जुन्या वैद्यकीय शाळेचे १९६३ मध्ये गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले. १९६७ मध्ये फर्मागुढीला अभियांत्रिकी महाविद्यालय, १९७३ मध्ये मडगावला दामोदर वाणिज्य महाविद्यालय अशी भर पडत गेली.

ही महाविद्यालये उभी गोव्यात होती, पण त्यांचे विद्यापीठ मुंबईचे होते. अभ्यासक्रम मुंबईत ठरे, प्रश्नपत्रिका मुंबईच्या पद्धतीने निघे, पदवीवर मुंबई विद्यापीठाची मुद्रा असे. पदव्युत्तर शिक्षणासाठी त्या विद्यापीठाने पणजीत केंद्र चालवले होते. या व्यवस्थेचा मोठा फायदा झाला. नव्याने सुरू झालेल्या महाविद्यालयांच्या पदवीला पहिल्या दिवसापासून देशभर मान मिळाला. मात्र तिची एक मर्यादाही होती. मडगावच्या वर्गात कोणते मराठी पुस्तक शिकवायचे, हे मडगावात ठरत नव्हते. केळशीच्या कृष्णदास शामाचे १५२६ चे काव्य, फादर स्टीफन्सचे १६१६ साली छापले गेलेले ‘क्रिस्तपुराण’, सोहिरोबानाथ आंबिये यांची पदे हा गोव्याच्या मातीशी बांधलेला मराठीचा वारसा. तो गोव्याच्या वर्गात पोहोचायचा तर त्यासाठी मुंबईच्या अभ्यास मंडळाची संमती लागे. तेथील मंडळासमोर साऱ्या मराठी साहित्याचा विस्तार असे आणि त्यात गोव्याचा वाटा अर्थातच लहान ठरे.

गोवा विद्यापीठाचा कायदा १९८४ मध्ये झाला आणि १ जून १९८५ पासून विद्यापीठ सुरू झाले. पणजीतील मुंबईचे केंद्र त्यात सामावले गेले. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला तो ३० मे १९८७ रोजी. म्हणजे आपले विद्यापीठ आपल्या राज्यापेक्षा जवळपास दोन वर्षांनी मोठे आहे.

गोव्यात आहे म्हणून गोवा विद्यापीठाचे नव्हे

आज राज्याच्या नकाशावर उच्च शिक्षणाच्या अनेक संस्था दिसतात. त्या सर्वांना एकाच मापाने मोजले की घोटाळा होतो.

पहिला गट गोवा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांचा. त्यांत काही सरकारी आहेत. साखळी, खांडोळा, केपे येथील महाविद्यालये, तसेच पेडणे तालुक्यात विर्नोडा येथील संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव धारण करणारे महाविद्यालय या गटातील. काही महाविद्यालये शिक्षणसंस्थांनी चालवलेली, पण सरकारी अनुदानावरची. येथे संस्था व्यवस्थापन करते आणि मंजूर पदांवरील शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून येतो. तिसरा प्रकार विनाअनुदानित अभ्यासक्रमांचा. त्यांचा खर्च मुख्यतः शुल्कातून भागवावा लागतो.

दुसरा गट स्वायत्त महाविद्यालयांचा. चौगुले महाविद्यालयाला २०१४ मध्ये हा दर्जा मिळाला. स्वायत्त महाविद्यालय आपला अभ्यासक्रम स्वतः आखते, परीक्षा स्वतः घेते, पण पदवी विद्यापीठाचीच असते. त्यामुळे तेथे मराठीचे स्वतःचे अभ्यास मंडळ असते आणि विषयाबाबतचे बरेच निर्णय महाविद्यालयाच्या आवारातच होतात.

तिसरा गट केंद्रीय आणि अभिमत संस्थांचा. २०१० मध्ये आलेली एनआयटी, २०१६ मध्ये आलेली आयआयटी आणि झुआरीनगर येथे २००४ पासून असलेले बिट्स पिलानीचे संकुल या संस्था गोव्यात आहेत, पण त्यांचा गोवा विद्यापीठाशी संलग्नतेचा संबंध नाही. त्यांचे प्रवेश देशपातळीवरच्या परीक्षांतून होतात आणि पदवी त्यांची स्वतःची असते.

मराठीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते पहिले दोन गट आणि विद्यापीठाचा स्वतःचा मराठी विभाग. हा विभाग शणै गोंयबाब यांच्या नावाने चालणाऱ्या भाषा व साहित्य महाशाळेत आहे. एम. ए. आणि पीएच. डी. यांचे मुख्य काम तेथे होते. पण एम. ए.च्या वर्गात येणारा विद्यार्थी घडतो तालुक्याच्या महाविद्यालयात. खालचा प्रवाह आटला तर वरच्या तळ्यात पाणी येणार कोठून?

निर्णय कोठे होतो

विषयाच्या बाबतीत निर्णयाच्या पायऱ्या पाच आहेत. पहिली पायरी विद्यापीठ अनुदान आयोगाची. देशभरच्या पदवीची चौकट तो ठरवतो. दुसरी विद्यापीठाच्या विद्वत परिषदेची. ती चौकट आपल्या विद्यापीठात कशी लागू करायची हे परिषद ठरवते. तिसरी अभ्यास मंडळाची. कोणत्या सत्रात कोणती अभ्यासपत्रिका, कोणती पुस्तके, हे मंडळाचे शिक्षक आणि तज्ज्ञ ठरवतात. चौथी महाविद्यालयाची. मंडळाने आखलेल्यांपैकी कोणते विषय आपल्याकडे द्यायचे, हे प्राचार्य आणि व्यवस्थापन ठरवतात. पाचवी पायरी विद्यार्थ्याची. प्रवेशाच्या अर्जात तो कोणत्या चौकटीत खूण करतो, ती.

आपली चर्चा बहुधा पहिल्या आणि दुसऱ्या पायरीवर अडकते. सभेत ठराव होतात, निवेदने दिली जातात. पण मराठीचे खरे नुकसान किंवा लाभ चौथ्या आणि पाचव्या पायरीवर होतो आणि तेथे आपण सहसा नसतो.

श्रेयांकांचा हिशेब

नव्या शैक्षणिक धोरणानुसार गोवा विद्यापीठात २०२३-२४ पासून पदवीची नवी रचना आली. आयोगाच्या चौकटीप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक, तर चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० लागतात. एक श्रेयांक म्हणजे अध्यापनाचे साधारण १५ तास. आयोगाची चौकट तीन वर्षांच्या पदवीत मुख्य विषयाला किमान ६० श्रेयांक, दुय्यम विषयाला २४ आणि भाषिक क्षमतेच्या अभ्यासक्रमांना ८ श्रेयांक देते. याशिवाय इतर शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी बहुविद्याशाखीय अभ्यासक्रम असतात.

आता तास मोजून पाहू. मराठी मुख्य विषय असेल तर विद्यार्थी तीन वर्षांत सुमारे ९०० तास मराठी शिकतो. दुय्यम असेल तर ३६०. भाषिक क्षमतेच्या आठ श्रेयांकांत इंग्रजीही येते. त्यांतले निम्मे मराठीच्या वाट्याला आले असे धरले तर ६० तास होतात. ९०० तासांत ज्ञानेश्वरीपासून दलित आत्मकथनांपर्यंत जाता येते. ६० तासांत अर्जलेखन, सारांश आणि चार-दोन पाठ होतात. दोन्ही ठिकाणी वेळापत्रकात ‘मराठी’ असेच लिहिलेले असते. म्हणून ‘आमच्याकडे मराठी आहे’ या उत्तराने समाधान मानू नये. कोणत्या रूपात आहे, हे विचारावे.

या हिशेबाची दुसरी बाजू शिक्षकाच्या पदाची. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे लागते. चार श्रेयांकांची एक अभ्यासपत्रिका म्हणजे आठवड्याला चार तास. अशा चार पत्रिका मिळाल्या तर एका पूर्णवेळ पदाचा कार्यभार भरतो. एखाद्या वर्षी पहिल्या सत्रात मुख्य विषयाला पुरेसे विद्यार्थी आले नाहीत आणि वर्ग उघडला नाही, तर त्या वर्षी फारसे बिघडत नाही. पण पुढच्या वर्षी दुसरे वर्ष रिकामे राहते आणि त्याच्या पुढच्या वर्षी तिसरे. तोवर ज्येष्ठ प्राध्यापक निवृत्त झाले असतील, तर त्या पदासाठी कार्यभार दाखवता येत नाही. मग तासिका तत्त्वावर शिक्षक येतो. अशा शिक्षकाने विभाग नव्याने उभारावा, वाङ्मय मंडळ चालवावे, बारावीच्या मुलांपर्यंत जावे, ही अपेक्षा कशी करायची? बंद न करताही विषय बंद पडतो तो असा.

गोव्यासारख्या लहान राज्यात याचा परिणाम अधिक जाणवतो. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात अंतर फार नाही, असे आपण म्हणतो. पण समजा, एखाद्या तालुक्यातील महाविद्यालयाने मराठी मुख्य विषय देणे थांबवले, तर तेथील मुलीला रोज पहाटेची कदंबची बस पकडून दुसऱ्या तालुक्यात जावे लागेल. ती बहुधा जाणार नाही. जवळच्या महाविद्यालयात जो विषय मिळेल तो घेईल. आकडेवारीत मात्र ‘मराठीला मागणी नाही’ असे नोंदले जाईल.

कोणी काय करावे

विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. येथे मराठी मुख्य विषय म्हणून मिळते की दुय्यम? तिसऱ्या वर्षापर्यंत ते चालू राहील का? चौथ्या, ऑनर्सच्या वर्षाची सोय येथे आहे का? आणि विभागात पूर्णवेळ शिक्षक किती आहेत? कोकणी, इतिहास, समाजशास्त्र किंवा पत्रकारिता मुख्य विषय घेणाऱ्यानेही मराठी दुय्यम म्हणून घेता येते का, ते पाहावे. कोकणी आणि मराठी एकाच पदवीत शेजारी बसू शकतात, ही नव्या रचनेची चांगली बाजू आहे. दोन्ही भाषांच्या विभागांनी ती एकमेकांच्या विद्यार्थ्यांना सांगितली तर दोघांचाही कार्यभार वाढेल.

शिक्षकांनी जूनची वाट पाहू नये. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी, डिसेंबर-जानेवारीतच, जवळच्या उच्च माध्यमिक विद्यालयांत जाऊन मराठीच्या पदवीत काय शिकतात आणि पुढे काय करता येते, हे मुलांना सांगावे. पाचव्या पायरीवरची खूण तेथे ठरते.

लेखकांचे आणि अकादमीचे काम तिसऱ्या पायरीशी जोडलेले आहे. अभ्यास मंडळ कितीही अनुकूल असले तरी जे पुस्तक बाजारात मिळत नाही ते अभ्यासाला लावणे अवघड असते. तीस-चाळीस मुलांना एकाच वेळी प्रती मिळाल्या पाहिजेत. गोव्यातील लेखकांची कितीतरी चांगली पुस्तके एका आवृत्तीनंतर पुन्हा छापली गेलेली नाहीत. त्यांच्या विद्यार्थ्यांना परवडतील अशा आवृत्त्या, टिपांसह, निघाल्या तर मंडळासमोर केवळ मागणी न ठेवता पुस्तक ठेवता येईल.

१९६२ पूर्वी गोव्यातल्या मुलाला मराठीची पदवी हवी तर घाट ओलांडावा लागे. १९८५ पूर्वी घरी राहून शिकता येई, पण काय शिकायचे ते मुंबईत ठरे. आज महाविद्यालय तालुक्यात आहे आणि अभ्यास मंडळही आपल्याच राज्यात बसते. ही दोन्ही साधने आपल्या हाती आहेत. येत्या जूनमध्ये आपल्या तालुक्यातील महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत मराठीपुढे ‘मुख्य विषय’ असे लिहिलेले आहे का, एवढे जरी आपण प्रत्येकाने पाहिले, तरी कामाला सुरुवात होईल.