‘असं कुठं होतं का?’: ‘व्हर्टिगो’तली पळवाट

जुना थरारपट संपला की एक प्रश्न हमखास येतो: ‘असं कुठं होतं का?’ आज आपण तो हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ला (१९५८) विचारू. त्यासाठी रहस्य फोडावं लागणार, हे आधीच सांगतो.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या स्कॉटीला उंचीची भीती आहे. त्यापायी त्यानं पोलिसातली नोकरी सोडलीय. जुना मित्र एल्स्टर त्याला आपल्या बायकोवर नजर ठेवायला सांगतो. ती एका मिशनच्या मनोऱ्यावर धावत चढते, स्कॉटी चक्कर येऊन जिन्यातच अडकतो आणि वरून देह कोसळतो. खरं तर जिच्यामागे तो धावला ती तोतया, ज्युडी. खाली पडली ती खरी बायको. स्कॉटी मात्र आत्महत्येचा साक्षीदार ठरतो.

आता तपासू. स्कॉटी वर पोचला असता तर? सगळा कट एका माणसाच्या चक्करेवर उभा आहे! फ्रेंच दिग्दर्शक त्रूफोशी बोलताना हिचकॉकनं ही उणीव स्वतःच दाखवली होती.

मग चित्रपट टिकतो कसा? आम्हाला दोन कारणं दिसतात.

पहिलं, नियम आधीच सांगितलाय. सुरुवातीलाच स्कॉटी छताच्या कडेला लोंबकळतो. उंची आली की तो गळाठणार, हे आपल्याला ठाऊक असतं. एल्स्टरला त्याची खात्री कशी, हे विचारायचं आपल्याला सुचतच नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. मूळ कादंबरीत गुपित शेवटी उघडतं. हिचकॉक ते बराच वेळ बाकी असताना उघडतो: ज्युडी पत्रात सगळं लिहिते आणि पत्र फाडते. तिथून ‘कट कसा रचला?’ हा प्रश्न मागे पडतो. ‘स्कॉटीला कळल्यावर काय होईल?’ हा उरतो. कटाचं कोडं चित्रपटानंच बाजूला ठेवलं, मग त्याचा हिशेब आपण कशाला मागू?

म्हणजे काहीही खपतं का? नाही. स्कॉटीला ज्युडी रस्त्यात योगायोगानं दिसते. हा योगायोग त्याला अडचणीत ढकलतो, म्हणून चालतो. शेवटी तो मनोरा चढतो, भीतीवर मात करतो. पण ज्युडी खाली पडते. सुटका फुकट मिळत नाही.

पुढचा थरारपट बघताना एवढं तपासून पाहा: लेखकानं घेतलेली सूट नायकाला संकटात लोटते, की त्यातून अलगद बाहेर काढते? पहिली मुभा आहे. दुसरी फसवणूक.